विश्लेषण : वाय-फायचे बटण दाबले, पण ते खरेच बंद झाले का?

स्मार्टफोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की वाय-फाय, ब्लूटूथ, मोबाइल डेटा आणि फ्लाइट मोडची बटणे समोर येतात. दिवसातून अनेकदा, जवळजवळ न बघताच दाबली जाणारी ही बटणे प्रत्यक्षात काय करतात? ‘बंद’ म्हणजे कुठे पूर्ण बंद आणि कुठे अर्धेच? आणि हीच सोय फोन चोरणाऱ्याच्या कामी कशी येते?

फाटकापाशीच पेमेंट का अडकते?

रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी थांबते. प्रवासी क्यूआर कोड स्कॅन करतो, पिन टाकतो आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. रस्ताभर नेट व्यवस्थित चाललेले असते, मग नेमके घरापाशीच काय बिघडते? बिघडत काहीच नाही. फोनला तिसऱ्या मजल्यावरच्या घरातले ओळखीचे वाय-फाय दिसते आणि मोबाइल डेटा सोडून तो त्याला जाऊन चिकटतो. ओळखीचे वाय-फाय मिळाले की मोबाइल डेटापेक्षा त्याला प्राधान्य द्यायचे, अशीच फोनची रचना असते. कारण वाय-फाय सहसा स्वस्त पडते आणि बॅटरीही कमी खाते.

पण वाय-फाय म्हणजे दोघांमधला संवाद असतो. घरातला राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचे प्रक्षेपण जोरकस असते. बॅटरीवर चालणाऱ्या फोनचे त्या मानाने दुबळे असते. त्यामुळे राउटरचा आवाज फाटकापर्यंत फोनला ऐकू येतो, पण फोनचे उत्तर राउटरपर्यंत धड पोहोचत नाही. वरच्या पट्टीत वाय-फायच्या एक-दोन रेषा दिसत राहतात, फोन ‘कनेक्टेड’ म्हणतो आणि माहिती मात्र पुढे सरकत नाही. सकाळी घराबाहेर पडतानाही हेच होते. फोन शेवटच्या क्षणापर्यंत घरच्या वाय-फायचा हात सोडत नाही.

यावरचा उपाय बहुतेकांना सवयीने माहीत झाला आहे. पडदा ओढायचा, वाय-फाय बंद करायचे, की दोन-तीन सेकंदांत फोन मोबाइल डेटावर येतो. मात्र पेमेंट चालू असताना हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. जोडणी बदलली की पेमेंट अ‍ॅपचा सर्व्हरशी चाललेला संवाद तुटतो आणि तो नव्याने बांधावा लागतो. तेवढ्यात बँकेच्या बाजूला व्यवहार पूर्ण झालेलाही असू शकतो. म्हणून घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याआधी अ‍ॅपमधला व्यवहारांचा इतिहास पाहावा. खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयमधली अशी रक्कम व्यवहारानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

फोनमधला हा चिकटपणा कमी करण्याची सोय कंपन्यांनीही दिली आहे. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आयओएस ९ सोबत ‘वाय-फाय असिस्ट’ आणले. वाय-फाय दुबळे झाले की फोन आपणहून मोबाइल डेटाचा आधार घेतो. सॅमसंगच्या फोनमध्ये वाय-फायच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘स्विच टू मोबाइल डेटा’ असा पर्याय मिळतो. तो चालू ठेवला की फाटकापाशी बटण दाबण्याची वेळ कमी येते.

एका टिचकीची ही सोय आली कुठून?

सुरुवातीच्या स्मार्टफोनमध्ये ब्लूटूथ बंद करायचे तर सेटिंग्ज उघडा, यादीत खाली जा, पोटयादी उघडा आणि मग स्विच सरकवा, असा द्राविडी प्राणायाम होता. सॅमसंगसारख्या कंपन्यांनी आपल्या फोनच्या नोटिफिकेशनच्या पडद्यात अशी बटणे लवकरच आणली. गुगलने स्वतःच्या अँड्रॉइडमध्ये ‘क्विक सेटिंग्ज’ आणल्या त्या २०१२ च्या ४.२ या आवृत्तीत. आयफोनला ‘कंट्रोल सेंटर’ मिळाले ते २०१३ मध्ये, आयओएस ७ सोबत.

या दरम्यान ‘एका टिचकीत सर्व काही चालू-बंद’ असे सांगणाऱ्या अ‍ॅप आणि विजेट्सचा बाजार जोरात होता. तो हळूहळू बंद पाडला गेला. अँड्रॉइडने आधी फ्लाइट मोडचा स्विच इतर अ‍ॅपच्या हातून काढून घेतला. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मोबाइल डेटा गेला. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने वाय-फायचा स्विच काढून घेतला. या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅपने वाय-फाय चालू किंवा बंद करण्याचा आदेश दिला, तर यंत्रणा तो सरळ नाकारते; अ‍ॅपला फार तर सेटिंगची छोटी खिडकी उघडून ‘तुम्हीच बंद करा’ म्हणता येते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये ब्लूटूथबाबतही तेच झाले. कुठल्याशा टॉर्च किंवा गेमच्या अ‍ॅपने गुपचूप नेट चालू करावे, हे थांबवण्यासाठी ही बंधने योग्यच होती. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, आजही ‘फास्ट स्विच’, ‘वन टच टॉगल’ अशा नावांनी दिसणारी अ‍ॅप फोनमध्ये आधीपासून असलेल्या पडद्यापेक्षा वेगळे काही फारसे करू शकत नाहीत. जाहिराती मात्र दाखवतात.

फोनच्या पडद्यातच थोडी मांडामांड केली, की काम भागते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये दोन बोटांनी पडदा ओढला तर अर्धा न उघडता थेट पूर्ण उघडतो. पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारून नेहमीची बटणे पहिल्या ओळीत आणता येतात. एखादे बटण दाबून धरले, तर त्याचे सविस्तर सेटिंग उघडते. सॅमसंगच्या ‘मोड्स अँड रूटीन्स’मध्ये ‘घर सोडले की वाय-फाय बंद’ असा नियमही घालून ठेवता येतो.

आयफोनमधले ‘बंद’ म्हणजे नेमके काय?

आयफोनवर कंट्रोल सेंटरमधले वाय-फायचे बटण दाबले की ते फिकट होते. बहुतेकांच्या मते वाय-फाय बंद झाले. तसे ते होत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून हे बटण फक्त चालू जोडणी तोडते आणि जवळपासच्या नेटवर्कना आपोआप जोडले जाणे थांबवते. फोनमधला वाय-फायचा रेडिओ जागाच राहतो. एअरड्रॉप, एअरप्ले, अ‍ॅपल वॉच, अ‍ॅपल पेन्सिल, मॅक आणि आयफोन यांच्यातली देवाणघेवाण हे सगळे पूर्वीसारखे चालू राहावे, हा त्यामागचा हेतू. ब्लूटूथचे बटणही याच धाटणीचे आहे. हेडफोन तुटतो, घड्याळ जोडलेले राहते.

त्याहून गमतीचा भाग पुढे आहे. ही अर्धी विश्रांती कायमची नसते. स्थानिक वेळेनुसार पहाटे पाच वाजले की फोन पुन्हा वाय-फाय शोधून जोडू लागतो. माणूस चालत किंवा गाडीने नव्या ठिकाणी पोहोचला, फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरीही तेच. रात्री झोपताना ‘बंद’ केलेले वाय-फाय सकाळी चालू दिसते, याचे कारण घरातले कोणी फोनला हात लावला हे नसून, पहाटे पाचचा हा नियम असतो.

इंटरनेट वापरकर्त्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्येच यावर टीका केली होती. बटण ‘बंद’ म्हणत असेल तर ते बंदच झाले पाहिजे. अर्धवट बंदला बंद म्हणणे दिशाभूल करणारे आहे, असा त्या टीकेचा सूर होता. अ‍ॅपलने रचना बदलली नाही, पण नंतरच्या आवृत्तीत ‘उद्यापर्यंत जोडणी तोडत आहोत’ अशा अर्थाची सूचना दाखवायला सुरुवात केली आणि चिन्हांतही फरक केला. चिन्ह नुसते फिकट असेल तर जोडणी तुटलेली. चिन्हावर आडवी काट असेल तर रेडिओ खरोखर बंद. ती काट आणायची तर सेटिंग्जमध्ये जाऊन वाय-फाय किंवा ब्लूटूथचा मूळ स्विच बंद करावा लागतो. म्हणजे ज्या पायऱ्या वाचवण्यासाठी कंट्रोल सेंटर आले, त्या पूर्ण बंदसाठी पुन्हा चढाव्या लागतात.

अँड्रॉइडमध्ये तरी पूर्ण बंद होते का?

इथे बटण दाबले की वाय-फायची जोडणी खरोखर बंद होते, पण ‘शोध’ चालू राहू शकतो. अँड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, वाय-फाय बंद असतानाही फोनला आसपासचे राउटर टिपत राहण्याची मुभा देणारे सेटिंग आहे. कारण फोनचे ठिकाण केवळ जीपीएसवरून ठरत नाही. इमारतीच्या आत उपग्रहाचा सिग्नल पोहोचत नाही, तेव्हा आजूबाजूला कोणते राउटर आणि ब्लूटूथ उपकरणे दिसतात, यावरून फोन आपली जागा ताडतो. मॉलच्या तळघरातही नकाशावरचा निळा ठिपका साधारण बरोबर जागी दिसतो तो यामुळे. हे नको असेल तर सेटिंग्जमध्ये लोकेशन, आणि त्यात लोकेशन सर्व्हिसेस उघडून ‘वाय-फाय स्कॅनिंग’ आणि ‘ब्लूटूथ स्कॅनिंग’ हे दोन स्विच बंद करावे लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये ते थोडे इकडेतिकडे असतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘स्कॅनिंग’ टाइप केले की सापडतात.

याखेरीज २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ‘टर्न ऑन वाय-फाय ऑटोमॅटिकली’ अशी सोय आहे. घरासारख्या साठवलेल्या, चांगल्या नेटवर्कजवळ पोहोचले की बंद केलेले वाय-फाय फोन स्वतःच चालू करतो. विसरभोळ्यांसाठी उपयुक्त, पण ‘मी तर बंद केले होते’ असा गोंधळ होतो तोही यामुळेच.

गुगलने २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ मध्ये आणखी एक बदल केला. वाय-फाय आणि मोबाइल डेटाची वेगळी बटणे काढून दोन्ही मिळून ‘इंटरनेट’ असे एकच बटण केले. एका टिचकीचे काम दोन-तीन टिचक्यांचे झाले आणि पिक्सेल फोन वापरणाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. गुगलचे स्पष्टीकरण असे होते की, दुबळ्या वाय-फायला कंटाळून लोक ते बंद करतात, पुन्हा चालू करायला विसरतात आणि मग नकळत मोबाइल डेटा संपवत बसतात. निरीक्षण खोटे नाही. सोसायटीच्या फाटकापाशी बंद केलेले वाय-फाय रात्री व्हिडीओ पाहताना बंदच राहिल्याचे दीडदोन जीबी संपल्यावर कळते, हा अनुभव इथेही नवा नाही. पण वापरणाऱ्याने बटण मुद्दाम दाबले असेल तर तेवढ्यासाठी त्याचा मार्ग लांबवणे, हा काही त्यावरचा उत्तम तोडगा म्हणता येत नाही. सॅमसंगने आपल्या फोनमध्ये दोन्ही बटणे वेगळीच ठेवली.

रेडिओ जागा राहिला तर बिघडते काय?

घरी बसलेल्या माणसाचे काहीच नाही. बाहेर मात्र जागा रेडिओ अधूनमधून ‘मी इथे आहे, ओळखीचे कोणी आहे का’ अशी हाक देत असतो आणि ती हाक कोणालाही ऐकता येते. लंडनच्या सिटी भागात २०१३ मध्ये रस्त्याकडेच्या काही कचरापेट्यांमध्ये असे ऐकणारे यंत्र बसवले होते. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनचा हार्डवेअर क्रमांक ते टिपत असे. बातमी फुटल्यावर तिथल्या महापालिकेने ते थांबवायला लावले. लंडनच्याच भुयारी रेल्वेने नोव्हेंबर-डिसेंबर २०१६ मध्ये ५४ स्थानकांवर जाहीरपणे असाच प्रयोग केला. गर्दी कुठून कुठे सरकते, हे पाहणे हा उद्देश होता. नोंद नको असेल तर फोनचे वाय-फाय बंद करा, असे प्रवाशांना सांगण्यात आले होते. वर्षभरात आयओएस ११ आले आणि ‘बंद करा’ म्हणजे कुठले बटण, हा प्रश्न उभा राहिला.

त्यानंतर फोननेच यावर बराच बंदोबस्त केला आहे. शोध घेताना खरा क्रमांक न सांगता दर वेळी बनावट क्रमांक सांगण्याची पद्धत अ‍ॅपलने २०१४ मध्ये सुरू केली. नेटवर्कला जोडतानाही असा वेगळा क्रमांक देणे अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून नेहमीचे झाले. आता निव्वळ वाय-फाय चालू आहे म्हणून कोणी माग काढेल, ही भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही.

ब्लूटूथबाबत धोका वेगळ्या जातीचा. सप्टेंबर २०१७ मध्ये अर्मिस या सुरक्षा कंपनीने ‘ब्लूबॉर्न’ नावाने काही त्रुटी उघड केल्या. त्यात फोन कुठल्याही उपकरणाशी जोडलेला असण्याची गरज नव्हती. ब्लूटूथ चालू असणे पुरेसे होते. जवळपासचा हल्लेखोर फोनचा ताबा घेऊ शकत होता. गुगल, मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या दिल्या आणि अद्ययावत फोन सुरक्षित झाले. ज्या स्वस्त किंवा जुन्या फोनला अपडेट मिळणेच बंद झाले आहे, त्यांच्यासाठी मात्र गर्दीत ब्लूटूथ बंद ठेवण्याचा सल्ला आजही लागू पडतो.

बॅटरी वाचते का?

थोडीच. लोक बॅटरीसाठी ब्लूटूथ बंद करतात, पण बॅटरी खाणारा खरा भिडू दुसराच असतो. छोट्या उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘क्लास २’ ब्लूटूथची प्रक्षेपणाची कमाल मर्यादा २.५ मिलिवॅट आहे. ४जी फोन टॉवरशी बोलताना साधारण २०० मिलिवॅटपर्यंत जाऊ शकतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, लांब असेल तर ओरडतो. आणि टॉवर सापडतच नसेल तर शोधत राहतो. त्यामुळे रेंज नसलेल्या जागी खिशात नुसता पडलेला फोनही गरम होतो आणि बॅटरी झरझर उतरते.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे आणि त्याच्या आगेमागे डोंगर, दऱ्या, बोगदे. रेंज येते, जाते, पुन्हा येते आणि फोन दर वेळी टॉवर शोधत बसतो. अशा पट्ट्यात फ्लाइट मोड लावून ठेवणे हे दिवसभर ब्लूटूथ बंद ठेवण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. घाटातल्या गावी, जुन्या दगडी वाड्यात किंवा तळघरातल्या कार्यालयातही हेच. तिथे वाय-फाय असेल तर फ्लाइट मोड लावून फक्त वाय-फाय चालू करता येते. वाय-फायवरून कॉलची सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये देशात सुरू केली. फोनमध्ये ती चालू असेल तर मोबाइलची रेंज नसतानाही कॉल होतात. असा कॉल चालू असताना सवयीने वाय-फायचे बटण दाबू नये, एवढेच. बाहेर दमदार ४जी नसेल तर कॉल तिथेच तुटतो.

फ्लाइट मोड लावून काढला की नेट कसे सुधारते?

‘जरा फ्लाइट मोड मारून बघ’ हा सल्ला अंधश्रद्धेसारखा वाटला तरी त्याला आधार आहे. फोन टॉवर बदलतो तो ठरलेल्या नियमांनी. हातातला सिग्नल अगदीच ढासळेपर्यंत तो बरेचदा दुसरा शोधत नाही. मेट्रोच्या भुयारातून वर आल्यावर, विमानातून उतरल्यावर किंवा प्रवासात फोन एखाद्या दूरच्या टॉवरला किंवा जुन्या, मंद जाळ्याला धरून राहिलेला असू शकतो. फ्लाइट मोड लावला की फोन नेटवर्कमधून नाव काढून घेतो. तो काढला की उपलब्ध वारंवारिता पुन्हा चाळतो, त्या क्षणी सर्वात योग्य टॉवर निवडतो, नव्याने नोंदणी करतो आणि त्याला इंटरनेटचा नवा पत्ता मिळतो. अडकलेली जोडणीही त्यासोबत निकालात निघते. त्यासाठी बटण लागोपाठ दोनदा दाबून उपयोग नाही. वरच्या पट्टीतल्या रेंजच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत काही सेकंद थांबावे.

लालबागच्या गर्दीत किंवा विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे फोन चुकीच्या टॉवरवर नसतो. टॉवरच भरलेला असतो. हजारो जणांनी एकाच वेळी फ्लाइट मोड लावला-काढला, तर नव्याने नोंदणीचा बोजा त्याच टॉवरवर पडतो.

आणि फ्लाइट मोड म्हणजेही पूर्ण शांतता नव्हे. आयफोन आणि नवे अँड्रॉइड मागच्या वेळी काय चालू ठेवले होते, ते लक्षात ठेवतात. हेडफोन जोडलेला असेल तर ब्लूटूथ चालूच राहते. जीपीएस तर उपग्रहाचे नुसते ऐकणारे यंत्र आहे, ते काही प्रक्षेपित करत नाही. त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही ठिकाण कळू शकते.

चोराच्या हाती हाच पडदा लागला तर?

लोकलच्या दारातून किंवा बसच्या गर्दीतून फोन गेला, की मालक दुसऱ्या फोनवरून त्याचा शोध घेऊ लागतो. चोराचे काम त्याआधी दोन सेकंदांत झालेले असते. फोनला पिन असला, बोटाचा ठसा असला, तरी अनेक फोनमध्ये लॉकस्क्रीनवरूनच पडदा ओढून फ्लाइट मोड लावता येतो. कुलूप न उघडता फोन नेटवर्कवरून गायब होतो. ‘फोन पुसून टाका’ किंवा ‘लॉक करा’ हा दुरून दिलेला आदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आपल्या फोनमध्ये असे होते का, हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. फोन लॉक करावा, चेहरा किंवा बोट न दाखवता पडदा ओढावा आणि फ्लाइट मोड दाबून पाहावा. फोनने आधी पिन मागितला तर ठीक. नाही मागितला तर सेटिंग बदलायला हवे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील ‘फेस आयडी अँड पासकोड’ उघडून, ‘अलाउ अ‍ॅक्सेस व्हेन लॉक्ड’ या यादीत ‘कंट्रोल सेंटर’ बंद करावे. सॅमसंगमध्ये लॉकस्क्रीनच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर लॉक सेटिंग्ज’ आहे आणि त्यात ‘लॉक नेटवर्क अँड सिक्युरिटी’ हा पर्याय चालू करायचा. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये लॉकस्क्रीन किंवा नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये, कुलूप असताना पडदा उतरू न देण्याचा पर्याय मिळतो का, ते शोधावे. याची किंमत म्हणजे आपल्यालाही फोन उघडल्याशिवाय ही बटणे दाबता येत नाहीत. एक बोट जास्त लावावे लागते.

एवढ्याने चोर थांबतो असे नाही. तो सिम काढून टाकू शकतो. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून त्यावर येणारे ओटीपी वाचण्याचा धोका मोठा, म्हणून सिमलाही वेगळा पिन लावता येतो; तो तीनदा चुकला तर सिम अडते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवूनच तो लावावा. फोन नेटवर्कवर नसतानाही काही गोष्टी काम करतात. आयओएस १५ पासून नवे आयफोन बंद केल्यावरही काही काळ आसपासच्या अ‍ॅपल उपकरणांमार्फत आपला ठावठिकाणा कळवू शकतात. गुगलच्या ‘फाइंड हब’मध्ये, म्हणजे पूर्वीच्या ‘फाइंड माय डिव्हाइस’मध्ये, आसपासच्या अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथमार्फत शोध घेता येतो. चोरीच्या प्रसंगी ब्लूटूथ चालू असणे फायद्याचे ठरते ते असे.

गुगलने २०२४ मध्ये अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनसाठी चोरीविरोधी कुलपे आणली. त्यातले ‘ऑफलाइन डिव्हाइस लॉक’ नेमके याच खेळीवर आहे. फोन बराच वेळ नेटवर्कबाहेर राहिला, तर तो स्वतःच पडदा लॉक करतो. हातातून हिसकावून पळाल्यासारखी हालचाल ओळखून लॉक करणारे ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ही आहे. आपल्या फोनमध्ये ही कुलपे चालू आहेत का, हे पाहून घ्यावे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘थेफ्ट’ टाइप केले की सापडतात.

फोन गेल्यावर पोलिसांत तक्रार करून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक अडवण्याची विनंती नोंदवावी. ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आधी मुंबईतून सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. इथे फ्लाइट मोडचा उपयोग होत नाही. कारण अडवला जातो तो सिम क्रमांक नसून खुद्द फोन असतो. फ्लाइट मोड काढून, नवे सिम घालून कोणी तो पुन्हा देशातल्या नेटवर्कवर आणला की नेटवर्क त्याला नाकारते. आयएमईआय क्रमांक फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन हाताशी असतानाच *#०६# हा क्रमांक फिरवला तर पडद्यावरही दिसतो. तो कागदावर लिहून घरात ठेवावा. फोन परत मिळाल्यास त्याच पोर्टलवरून अडवणूक काढून घेता येते.